विकत घेतलेला भाग कोणाच्या मालकीचा?

‘फनिमेशन’ या जपानी अॅनिमे मालिकांच्या अमेरिकी वितरक कंपनीचे संकेतस्थळ आणि अॅप २ एप्रिल २०२४ रोजी कायमचे बंद झाले. ही कंपनी १९९४ मध्ये टेक्सासमध्ये स्थापन झाली होती. ‘ड्रॅगन बॉल’सारख्या मालिका इंग्रजी भाषिक घराघरांत नेण्याचे बरेचसे श्रेय तिच्याकडे जाते. ‘सोनी’ने २०१७ मध्ये तिची मालकी घेतली. पुढे २०२१ मध्ये ‘क्रंचिरोल’ ही प्रतिस्पर्धी कंपनीही ‘सोनी’ने सुमारे ११७ कोटी ५० लाख डॉलरना विकत घेतली. एकाच मालकाच्या दोन दुकानांपैकी एकाला टाळे लागणार हे त्यानंतर उघडच होते. वर्गणीदारांना क्रंचिरोलकडे वळविण्यात आले. व्यापारात अशी विलीनीकरणे नेहमीच होतात आणि चार दिवसांत विसरलीही जातात.

या प्रकरणाची चर्चा मात्र वेगळ्याच कारणाने झाली. फनिमेशनच्या डीव्हीडी किंवा ब्लू-रे संचासोबत एक सांकेतिक क्रमांक मिळत असे. तो संकेतस्थळावर नोंदवला की त्या मालिकेची ‘डिजिटल प्रत’ ग्राहकाच्या खात्यात जमा होई आणि तबकडी न लावता ती संगणकावर किंवा दूरचित्रवाणी संचावर पाहता येई. ही प्रत काही अटींच्या अधीन राहून कायम उपलब्ध राहील, असे कंपनीनेच सांगितले होते. बंद होण्याच्या सुमारे दोन महिने आधी, फेब्रुवारीत जी सूचना निघाली, तिच्यात या डिजिटल प्रती क्रंचिरोलवर नेता येणार नाहीत असे स्पष्ट केले होते. क्रंचिरोलचे अध्यक्ष राहुल पुरिनी यांनी ग्राहकांना योग्य तो मोबदला देण्याचा प्रयत्न असल्याचे एका मुलाखतीत सांगितले, पण ज्या ‘कायम’साठी ग्राहक थांबला होता ते एप्रिलमध्येच संपले. ज्यांनी तबकड्या जपून ठेवल्या होत्या त्यांचे फारसे बिघडले नाही. डिजिटल प्रत आहेच, म्हणून ज्यांनी तबकड्या विकून टाकल्या किंवा वाटून टाकल्या, त्यांच्या हाती काहीच उरले नाही.

आणि ज्याने वीस वर्षांपूर्वी तीच मालिका चोरट्या मार्गाने फुकट उतरवून घेतली होती, त्याच्या कपाटातील सीडी अजूनही चालते. प्रामाणिक ग्राहकापेक्षा फुकट्याची मालकी अधिक टिकाऊ ठरावी, हा विचित्र हिशेब कसा जमून आला, हे समजण्यासाठी अॅनिमेचे भाग एकेक करून डाउनलोडच्या रूपाने विकण्याचा जो प्रयोग २००५ नंतरच्या काही वर्षांत झाला, त्याकडे पाहावे लागते.

अॅनिमे म्हणजे जपानी धाटणीचे चलच्चित्र. मराठी घरांना त्याची ओळख नाव कळण्याच्या आधीच झाली होती. दूरदर्शनवर रविवारी सकाळी लहानथोर ज्या मोगलीची वाट पाहत, ती मालिका ‘निप्पॉन अॅनिमेशन’ या जपानी संस्थेने १९८९ मध्ये निर्माण केलेली होती. ‘डोरेमॉन’ आणि ‘शिनचॅन’ नंतर आले. परंतु मुलांसाठीच्या या मालिका अॅनिमेचा एक भाग झाल्या. जपानमध्ये प्रौढ प्रेक्षकांसाठी मध्यरात्रीनंतर दाखविल्या जाणाऱ्या मालिकांची संख्या मोठी आहे, आणि विदेशी चाहत्यांचे वेड मुख्यतः त्यांच्यासाठी असते.

जपानी अर्थकारण

या मध्यरात्रीच्या मालिकांचे गणित नेहमीच्या दूरचित्रवाणी मालिकांसारखे नाही. वाहिनी मालिका विकत घेते आणि जाहिरातींतून पैसे वसूल करते, असे येथे होत नाही. बहुतेक वेळा प्रक्षेपणाच्या वेळेचे पैसे निर्मातेच वाहिनीला मोजतात. मालिकेचा खर्च उचलण्यासाठी एक ‘निर्मिती समिती’ उभी राहते. तिच्यात मूळ चित्रकथेचा प्रकाशक, ध्वनिमुद्रिका काढणारी कंपनी, तबकड्यांचा वितरक, खेळणी बनविणारा कारखानदार, कधी वाहिनी स्वतः, असे भागीदार असतात. प्रत्येकाने थोडी जोखीम घ्यायची आणि आपापल्या क्षेत्रातील हक्कांवर कमाई करायची, अशी ही रीत. प्रक्षेपण ही खरे तर मालिकेची जाहिरात. कमाई व्हायची ती तबकड्यांवर. जपानमध्ये एका तबकडीवर जेमतेम दोन भाग असत आणि तिची किंमत सहा-सात हजार येनांच्या घरात. संख्येने थोडे पण निष्ठावान संग्राहक ही किंमत देत आणि त्यांच्या जिवावर मालिका तरत.

या रचनेमुळे पुढे मोठा अडथळा निर्माण झाला. परदेशी हक्क, संगीताचे हक्क, आवाज देणाऱ्या कलावंतांचे मानधन यांचे करार झाले ते दूरचित्रवाणी आणि तबकडी यांच्या संदर्भात. इंटरनेटवरून फाइल विकण्याचा विचार जुन्या करारांत कोणी केलेलाच नव्हता. त्यामुळे एक भाग दोन डॉलरना विकायचा झाला तरी त्यासाठी समितीतील सर्वांची संमती लागे. ज्याला तबकड्यांचा धंदा सांभाळायचा आहे असा भागीदार ती सहजासहजी का देईल?

अमेरिकेतील ग्राहकाची स्थितीही फारशी सुखाची नव्हती. व्हिडिओ कॅसेटच्या काळात दोन भागांच्या एका कॅसेटला तीस डॉलरपर्यंत मोजावे लागत. गंमत अशी की इंग्रजीत डबिंग केलेल्या कॅसेटपेक्षा मूळ जपानी आवाज आणि खाली इंग्रजी अक्षरे असलेली कॅसेट महाग असे, कारण तिचे गिऱ्हाईक कमी. डीव्हीडीने दोन्ही आवृत्त्या एकाच तबकडीवर आणल्या आणि भागांची संख्या तीन ते पाचवर नेली. तरीही २६ भागांची मालिका पुरी करायला सहा-सात तबकड्या, म्हणजे दीडशे ते दोनशे डॉलर लागत. शिवाय जपानमधील प्रक्षेपण आणि अमेरिकेतील तबकडी यांत वर्ष-दीड वर्षाचे अंतर.

त्या अंतरात जे उभे राहिले त्याचे नाव ‘फॅनसब’. जपानी जाणणाऱ्या हौशी मंडळींनी मालिकेचे भाषांतर करायचे, पडद्याच्या तळाशी इंग्रजी अक्षरे बसवायची आणि प्रती वाटायच्या, हा उद्योग कॅसेटच्या काळापासून चालत आला होता. त्या काळी तो मर्यादित होता, कारण प्रतीवरून प्रत काढताना चित्र बिघडत जाई आणि टपालाचा खर्च होई. जलद इंटरनेट आणि २००१ मध्ये आलेले ‘बिटटोरंट’ यांनी दोन्ही अडचणी दूर केल्या. टोकियोत रात्री दाखविलेला भाग दोन-चार दिवसांत इंग्रजी अक्षरांसह जगभर पोहोचू लागला. या फाइलींचा आकार बहुधा १७५ किंवा २३३ मेगाबाइट असे. हे आकडे मनमानी नव्हते. ७०० मेगाबाइटच्या कोऱ्या सीडीवर नेमके चार किंवा तीन भाग बसावेत म्हणून ते ठरले होते. उतरवून घेणारा माणूस ते जपून ठेवणार, हे वाटणाऱ्यांनी गृहीत धरले होते.

फॅनसब मंडळींचा एक अलिखित नियम होता. अमेरिकी कंपनीने मालिकेचे हक्क घेतल्याचे जाहीर झाले की वाटप थांबवायचे. काही गट तो पाळत, काही पाळत नसत, आणि एकदा जाळ्यावर गेलेली फाइल परत कोण आणणार? कायद्याच्या दृष्टीने हा प्रताधिकाराचा भंगच होता. पण ‘विकत मिळाले असते तर घेतले असते’ हा चाहत्यांचा युक्तिवाद सरसकट खोटा नव्हता. तो तपासून पाहायचा तर विकत देणे भाग होते.

दोन डॉलरचा भाग

ऑक्टोबर २००५ मध्ये ‘अॅपल’ने आयट्यून्स दुकानात दूरचित्रवाणी मालिकांचे भाग १ डॉलर ९९ सेंट या दराने विकायला आरंभ केला. सप्टेंबर २००६ मध्ये ‘अॅमेझॉन’ आणि नोव्हेंबरात ‘मायक्रोसॉफ्ट’ची एक्सबॉक्स सेवा या धंद्यात उतरली. अॅनिमे कंपन्यांना या दराचे आकर्षण वाटणे स्वाभाविक होते. २६ भागांची मालिका या भावाने ५१ डॉलर ७४ सेंटना पडते, म्हणजे तबकड्यांच्या फार तर सुमारे एक तृतीयांश. छपाई नाही, खोके नाही, दुकानातील फळीचे भाडे नाही, न खपलेला माल परत घेणे नाही. हा शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा होता. अॅनिमे तबकड्यांची मोठी विक्री ‘सनकोस्ट’ या साखळी दुकानांतून होई. तिची मालक कंपनी ‘म्युझिकलँड’ जानेवारी २००६ मध्ये दिवाळखोरीत गेल्याने वितरकांना जबर फटका बसला होता.

या प्रयोगातील सर्वांत लक्षणीय पाऊल मे २००७ मध्ये पडले. ज्याचे नाव लिहावे तो मरतो, अशी वही एका हुशार विद्यार्थ्याच्या हाती लागते, या कल्पनेवर बेतलेली ‘डेथ नोट’ ही ३७ भागांची मालिका जपानमध्ये ३ ऑक्टोबर २००६ पासून दाखविली जात होती. ती २६ जून २००७ रोजी संपली. ती संपण्याच्या आधीच ‘व्हिझ मीडिया’ने तिचे भाग अमेरिकेत ‘डायरेक्ट टू ड्राइव्ह’ या दुकानातून डाउनलोडद्वारे विकायला आणि भाड्याने द्यायला प्रारंभ केला. आवाज मूळ जपानी, अक्षरे इंग्रजी. चाहत्यांच्या तोंडी असलेली मालिका जपानमध्ये ताजी असतानाच कायदेशीर मार्गाने मिळावी, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. डबिंगसाठी थांबायचे नाही, तबकडीची वाट पाहायची नाही, हा धडा फॅनसबवाल्यांकडूनच घेतलेला होता.

तरीही डाउनलोड विक्रीने फॅनसबला हरविले नाही. प्रेक्षक कंजूष, हे सोपे उत्तर झाले, आणि त्यात थोडे तथ्यही आहे. पण विकल्या जाणाऱ्या फाइलीकडे नीट पाहिले तर दुसरे उत्तर दिसते. ती फाइल चोरीच्या फाइलपेक्षा कमी कामाची होती.

मुख्य कारण डिजिटल कुलूप. विकत घेतलेला भाग उतरवून घेतला तरी तो सांकेतिक स्वरूपात असे आणि संगणकावरील विशिष्ट सॉफ्टवेअरने विक्रेत्याच्या सर्व्हरकडून परवाना मिळविल्याशिवाय उघडत नसे. आयट्यून्सवरील भाग एका वेळी पाच संगणकांपुरता चाले, तोही अॅपलच्याच प्लेअरवर. डीव्हीडी प्लेअरला लावून बैठकीच्या खोलीतील दूरचित्रवाणी संचावर तो पाहण्याची सोय नव्हती. मित्राला द्यावा, जुना झाल्यावर विकावा, हे तर दूरच. पुस्तक विकत घेणाऱ्याला जे सहज करता येते त्यातले काहीच या ग्राहकाला करता येत नसे. अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल प्रताधिकार कायद्यानुसार असे कुलूप तोडण्यास सर्वसाधारणपणे बंदी आहे. म्हणजे स्वतःच्या पैशाने घेतलेल्या फाइलीचे कुलूप उघडणे हाही गुन्हा ठरू शकतो. गीतांच्या बाबतीत अॅपलने २००९ मध्ये कुलपे काढून टाकली. चित्रफितींच्या बाबतीत निर्मात्यांनी तसे होऊ दिले नाही.

त्यातून आवृत्त्यांचा घोळ. डीव्हीडीवर दोन भाषा एकत्र मिळत. डाउनलोड दुकानात डबिंग असलेली आणि मूळ जपानी अशा दोन वेगळ्या वस्तू झाल्या आणि दोन्ही हव्या तर दोनदा पैसे. एखाद्या मालिकेची एकच आवृत्ती मिळे, आणि ती बहुधा नको असलेली. संग्राहकाला चित्रे, पुस्तिका, खोके यांचे जे अप्रूप असते ते फाइलीत मुळातच नव्हते.

सीमा ओलांडण्यास मनाई

या विक्रीला भौगोलिक मर्यादाही होती. ‘डेथ नोट’चे भाग केवळ अमेरिकेतील रहिवाशांसाठी होते. हक्क प्रदेशानुसार विकले जातात, त्यामुळे दुकानदाराला ग्राहकाचा देश तपासावाच लागतो. जपानी भागीदारांची आणखी एक भीती होती ती उलट्या आयातीची. जपानमध्ये सहा-सात हजार येनांना दोन भाग विकले जात असताना तीच मालिका परदेशातून स्वस्तात घरी येऊ लागली तर मूळ बाजारच कोसळेल. डीव्हीडीच्या काळी जपान आणि अमेरिका वेगवेगळ्या विभागांत असल्याने ही भीती आटोक्यात होती. ब्लू-रे तबकड्यांसाठी दोन्ही देश एकाच विभागात आले. फाइलीला तर विभागच नसतो. म्हणून भिंती आणखी उंच झाल्या.

या भिंतींच्या बाहेर भारत होता. ‘अॅनिमॅक्स’ ही वाहिनी येथे २००४ मध्ये आली आणि त्यातून चाहत्यांची एक पिढी तयार झाली. तिला पुढचे भाग विकत घ्यायचे असले तरी दुकान नव्हते. आयट्यून्सचे दुकान भारतात उघडायला डिसेंबर २०१२ उजाडावा लागला, आणि उघडले तेव्हा त्यात होते ते संगीत आणि चित्रपट. मग पुण्या-मुंबईतील मुलांनी काय करायचे? जे जगभर चालले होते तेच त्यांनी केले. भारत सरकारच्या २००४ च्या धोरणानुसार २५६ किलोबिट वेगाला ‘ब्रॉडबँड’ म्हणत. त्या वेगाने २३३ मेगाबाइटचा एक भाग उतरायला दोन तास लागतात. बीएसएनएलच्या काही योजनांत मध्यरात्री दोन ते सकाळी आठ या वेळेतील वापर मोजला जात नसे. तेवढ्या अवधीत फार तर तीन भाग पदरात पडत. संगणक रात्रभर चालू ठेवण्यावरून अनेक घरांत वाद होत. एकदा उतरलेला भाग मग वसतिगृहांच्या अंतर्गत जाळ्यावरून आणि पेनड्राइव्हवरून शंभर हातांत जाई. ही चोरी होती हे नाकारण्याचे कारण नाही. पण जेथे दुकानच नाही तेथे दुकानदाराचे नुकसान किती झाले, हेही विचारायला हवे. याच पिढीने पुढे माकोतो शिनकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ हा चित्रपट भारतात प्रदर्शित करावा म्हणून सह्यांची मोहीम चालविली. ऑक्टोबर २०१९ मध्ये तो प्रदर्शित झाला तेव्हा तिकिटे काढून ही मंडळी चित्रपटगृहात गेली.

अमेरिकी कंपन्यांवर मात्र संकटांमागून संकटे येत होती. ‘जिनिऑन’ने २००७ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील तबकड्यांचे वितरण थांबविण्याची घोषणा केली. ‘सेंट्रल पार्क मीडिया’ने एप्रिल २००९ मध्ये दिवाळे काढले. ‘एडीव्ही फिल्म्स’ने त्याच वर्षी सप्टेंबरात मालमत्ता विकून गाशा गुंडाळला. ‘बंदाई एंटरटेनमेंट’ने २०१२ च्या आरंभी नवे प्रकाशन थांबविले. कंपन्यांनी सगळे खापर फॅनसबवर फोडले. साखळी दुकानांचे बुडणे, तेजीच्या काळात भरमसाट किमतीला घेतलेले हक्क आणि त्यानंतर आलेली जागतिक मंदी यांचा वाटा त्यात कमी नव्हता.

एका तासाचे अंतर

यातून बाहेर पडण्याचा मार्ग ज्यांनी काढला, ते या कथेतील सर्वांत अनपेक्षित पात्र. ‘क्रंचिरोल’ हे संकेतस्थळ २००६ मध्ये बर्कले विद्यापीठातून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी उभे केले ते मुळात वापरकर्त्यांनी चढविलेल्या, बहुतांशी बेकायदा चित्रफितींच्या बळावर. त्याच स्थळाला २००८ मध्ये सुमारे ४० लाख डॉलरचे भांडवल मिळाले तेव्हा हक्काच्या पैशांनी मालिका घेणाऱ्या वितरकांचा संताप झाला, आणि तो अकारण नव्हता. एप्रिल २००८ मध्ये ‘गोंझो’ या जपानी स्टुडिओने ‘द टॉवर ऑफ द्रुआगा’ आणि ‘ब्लासराइटर’ या दोन मालिका जपानमधील प्रक्षेपणाच्याच दिवशी यूट्यूब, क्रंचिरोल आणि ‘बोस्ट’ या स्थळांवर इंग्रजी अक्षरांसह दाखविल्या. जानेवारी २००९ मध्ये क्रंचिरोलने बेकायदा फिती काढून टाकल्या आणि ‘टीव्ही टोकियो’शी करार करून ‘नारुतो शिपुदेन’ जपानमधील प्रक्षेपणानंतर तासाभरात वर्गणीदारांना दाखवायला सुरुवात केली. फुकट पाहणाऱ्यांना आठवडाभर थांबावे लागे.

फॅनसबला दोन-चार दिवस लागत होते आणि येथे तासाभरात भाग हजर. वेगाच्या शर्यतीत कायदेशीर मार्ग प्रथमच पुढे गेला. या घाईतही धोके होते. फनिमेशनने २००९ च्या मे अखेरीपासून ‘वन पीस’ अशाच पद्धतीने दाखविण्याचे ठरविले, पण जपानमध्ये अद्याप न दाखविलेला भाग तिच्या सर्व्हरवरून फुटला आणि जाळ्यावर पसरला. जपानी हक्कधारकांनी ती सेवा थांबविली. ती पुन्हा सुरू व्हायला ऑगस्ट अखेर उजाडली.

डाउनलोड विक्रीवर खरा घाव पडला तो वर्गणीच्या हिशेबाने. दर आठवड्याला एक भाग या गतीने एका मालिकेचे महिन्याचे चार भाग विकत घेतले तर ७ डॉलर ९६ सेंट होत. क्रंचिरोलची त्या वेळची महिन्याची वर्गणी ६ डॉलर ९५ सेंट होती, आणि तीत एक नव्हे तर सगळ्याच मालिका. नियमित चाहता एका मोसमात पाच-सहा मालिका पाहतो. त्याच्यासाठी हा प्रश्नच उरला नाही. आवडेल की नाही हे ठाऊक नसलेल्या मालिकेचा पहिला भाग दोन डॉलरना घेण्यापेक्षा वर्गणीत पाहून सोडून देणे केव्हाही बरे. जपानमध्येही ‘डोकोमो’ आणि ‘काडोकावा’ यांनी जुलै २०१२ मध्ये महिन्याला ४०० येनांत ‘डी अॅनिमे स्टोअर’ सुरू केले ते याच तत्त्वावर. भारताला हा लाभ बराच उशिरा मिळाला. क्रंचिरोलने २०२२ मध्ये येथील वर्गणी महिन्याला ७९ रुपयांपर्यंत उतरविली आणि हिंदी डबिंगकडे लक्ष दिले.

प्रेक्षकाला फाइल नव्हे, ताजेपणा हवा होता, असा निष्कर्ष तेव्हा उद्योगाने काढला. तो बव्हंशी बरोबर असला तरी अर्धवट आहे. नव्या मालिकेबाबत ताजेपणा महत्त्वाचा. दहा वर्षांपूर्वीची आवडती मालिका पुन्हा पाहायची असते तेव्हा ती तेथे असणे महत्त्वाचे, आणि वर्गणीची सेवा याची हमी देत नाही. वितरकाने हक्क घेतलेले असतात ते ठरावीक वर्षांसाठी. मुदत संपली आणि नूतनीकरण परवडले नाही की मालिका यादीतून नाहीशी होते. कधी निर्मिती समिती विसर्जित झालेली असते, कधी एखाद्या भागीदार कंपनीचे दिवाळे निघालेले असते, आणि हक्क कोणाकडे आहेत हेच सांगता येत नाही. अशा वेळी प्रेक्षकाच्या स्वतःच्या ताब्यातील, कुलूप नसलेली प्रत हाच भरवशाचा मार्ग असतो. डाउनलोड विक्रीने नेमकी तीच वस्तू द्यायला हवी होती. तिने दिली ती विक्रेत्याच्या हयातीइतकीच टिकणारी प्रत. फनिमेशनच्या डिजिटल प्रती डाउनलोडही होत नव्हत्या. त्या कंपनीच्या सर्व्हरवरूनच पाहायच्या होत्या, म्हणजे ‘प्रत’ हा शब्दच तेथे सैलपणे वापरलेला होता.

हे होऊ शकते याचा इशारा फार पूर्वी मिळाला होता. ‘गूगल’ने जानेवारी २००६ मध्ये उघडलेले चित्रफितींचे दुकान ऑगस्ट २००७ मध्ये बंद केले, तेव्हा ग्राहकांनी ‘कायमच्या’ म्हणून घेतलेल्या फितीही चालेनाशा झाल्या. कंपनीने आरंभी स्वतःच्याच देयक सेवेवर खर्च करण्याजोगी रक्कम देऊ केली. लोकांनी ओरड केल्यावर पूर्ण पैसे परत केले.

कायद्याने या शब्दांच्या खेळाची दखल घेतली ती फनिमेशन बंद झाल्यावर काही महिन्यांनी. कॅलिफोर्निया राज्याने सप्टेंबर २०२४ मध्ये केलेला कायदा १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला. ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल तर तसे ठळकपणे सांगितल्याखेरीज विक्रेत्याला डिजिटल वस्तूसाठी ‘विकत घ्या’ असे शब्द वापरता येत नाहीत. फनिमेशनसारख्या प्रकरणी तो कोणालाही प्रत परत मिळवून देणार नाही, कारण परवाना काढून घेण्यास त्याने मनाई केलेली नाही. मात्र त्यातील एक अपवाद लक्ष देण्याजोगा आहे. जी वस्तू ग्राहक कायमची उतरवून घेऊ शकतो आणि इंटरनेटशिवाय वापरू शकतो, तिला हा नियम लागू नाही. अशी वस्तू खरोखरच विकली गेली, असे कायदा मानतो. भारतात प्रताधिकार कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने डिजिटल कुलपांना संरक्षण दिले आहे. प्रताधिकाराचा भंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कुलूपबंद वस्तू विकताना ‘विक्री’ हा शब्द वापरावा की नाही, याबद्दल त्या दुरुस्तीत काही नाही.

ज्या एक्सबॉक्स सेवेवर २००६ पासून मालिकांचे भाग विकले जात होते, तेथे ‘मायक्रोसॉफ्ट’ने जुलै २०२५ मध्ये चित्रपट आणि मालिकांची नवी विक्री थांबविली. आधी घेतलेले भाग ग्राहकांना पाहता येतील, असे कंपनीने तेव्हा जाहीर केले आहे.